हैबतराव, निरंजन की जगन

गोपाळकृष्णाच्या मुलाला जन्मून एकेचाळीस दिवस झाले होते आणि रोह्याच्या टिपणिसांच्या घरात त्याला तीन नावांनी हाक मारली जात होती. आजोबा हैबतराव म्हणत, आजी निरंजन म्हणे, आणि बाप धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला की सायकल भिंतीला टेकवता टेकवताच विचारी, "जगन उठला का?" मूल तिन्ही हाकांकडे सारखंच दुर्लक्ष करून मूठ चोखत पडे. घरकामाला येणारी हौसा तेवढी त्याला "ए मेल्या" म्हणे, आणि त्या हाकेला ते हसे.

बारशाच्या दिवशी विमल पेणहून सकाळच्या एस.टी.ने आली. गोपाळकृष्णाला बहीण नव्हती, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा आत्येचा मान त्याच्याच आत्येकडे, म्हणजे विमलकडे आला होता. पेणच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, रामवाडीत दोन खोल्यांत एकटी राहणारी, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई. तिच्याबद्दल भावाच्या घरात फारसं कुणी वाईट बोलत नसे, कारण फारसं कुणी बोलतच नसे.

तिची एक गोष्ट मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हती. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ दामोदर, ज्या यशवंतराव रणखांब्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवी, ते रणखांबे विमल होती. वृंदावहिनी ज्यांच्या कौटुंबिक कादंबऱ्या वाचताना दूध उतू घालवी, त्या सौ. शैलबाला आंबेरकर विमल होती. आणि गोपाळकृष्ण ज्यांच्या रहस्यकथा टिफिनच्या पिशवीत घालून कामावर नेई, ते मेजर काळसेकरही विमलच होती. अठरा वर्षं हे चाललं होतं. गिरगावातल्या प्रकाशकाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, बाईच्या नावाने तलवार खपत नाही आणि मास्तरणीच्या नावाने खून खपत नाही. सौभाग्यवती लावल्याशिवाय संसार खपत नाही, हे त्याने पुढच्या भेटीत सांगितलं.

ज्या तीन नावांसाठी घर पेटलं होतं ती या तिघांच्या कादंबऱ्यांतल्या नायकांची होती, त्यामुळे ती कुठून आली हे जगात विमललाच माहीत होतं. हैबतराव हा पेण स्टँडवरचा हमाल, त्याने एकदा तिची पुस्तकांची पेटी एकट्याने टपावर चढवली होती. जगन हा रामवाडीचा दूधवाला, घरी पाहुणे आलेत हे चपला न बघता ओळखणारा. आणि निरंजन सुचला तेव्हा ती देवाची निरांजनं घासत होती, एवढंच.

तिने अंगणात पाऊल टाकलं तर दादा वाट बघत उभाच होता.

"चहा मागाहून घे. आधी परसात चल."

परसात फणसाखाली त्याने आवाज खाली आणला. निवृत्त होईपर्यंत मामलेदार कचेरीत असल्यामुळे दादाचा खाली आणलेला आवाजही तीन घरं ऐकू जाई.

"विमल, आज दुपारी तू हैबतराव म्हणायचंस. स्पष्ट. ह वर जोर देऊन."

"दादा, वहिनीचं काय म्हणणं आहे?"

"तिचं म्हणणं स्वयंपाकघरात. टिपणिसांच्या घरात निरंजन? तूप घालून पेटवायचाय का त्याला? मी रणखांब्यांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलंय."

"हो? काय म्हणतात?"

"काय म्हणणार? आशीर्वाद दिलेत. आनंद झाला म्हणतात."

विमलने खाली बघितलं. ते उत्तर तिने गेल्या रविवारी डाव्या हाताने लिहिलं होतं. रणखांबे ती नेहमी डाव्या हाताने लिही, अक्षर आपोआप घोड्यावर बसल्यासारखं उधळे. तिने लिहिलं होतं : 'माझ्या हैबतरावाच्या अंगावर बावीस जखमा आहेत, तान्ह्या जिवावर ते ओझं घालू नका. नाव ठेवण्याचा मान आत्येचा. तिच्यावर सोडा.'

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच," असं म्हणून दादाने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. त्याला खोटं बोलताना खिशावर हात ठेवायची सवय होती. विमलला ती लहानपणापासून माहीत होती, आणि एकदा ती न ओळखल्यामुळे तिचं सगळं आयुष्य वेगळ्या रस्त्याने गेलं होतं.

स्वयंपाकघरात वृंदावहिनी वालांची परात घेऊन बसली होती. "या वन्सं, तुमच्या खुर्चीत बसा," ती म्हणाली.

ही खिडकीजवळची खुर्ची तीन वर्षांपूर्वी आली. त्याआधी वहिनीने शैलबालाबाईंना पत्रात लिहिलं होतं की, माझी नणंद दिवाळीला येते आणि पाटावर मख्खासारखी बसून राहते, हिचं काय करू? शैलबालाबाईंनी जांभळ्या शाईत उत्तर पाठवलं होतं की, अशा बायका मनात फार बोलत असतात, त्यांना खिडकीजवळ एक खुर्ची द्या. पुढच्या दिवाळीला खुर्ची हजर. विमलने त्यावर खूश होऊन पुढल्या पत्रात गादीचंही सुचवलं होतं, पण ते वहिनीने मनावर घेतलं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही बायकांची बाजू घ्याल ना?" वाल अंगठ्याखाली दाबत वहिनी म्हणाली. "हैबतराव म्हणे! उद्या पोर शाळेत गेलं की पोरं ढाल-तलवार विचारतील. आणि गोप्याचं जगन! तो खुनाच्या जागेवर बोटं लावत फिरणारा माणूस. निरंजन कसा, बायकोला ताप आला तर स्वतः पेज करतो. शैलबालाबाईंची संमती आलीय मला."

"पत्र आलं?"

"आलं की. म्हणतात, खुशाल ठेवा."

जांभळ्या शाईतही मान आत्येचाच होता. वहिनीने पत्र पदराच्या टोकात बांधलं होतं.  विमलने परातीतले वाल ओढून घेतले आणि सोलायला लागली.

अकराच्या सुमारास गोपाळकृष्ण रात्रपाळीची झोप अर्धी टाकून उठला. त्याने तिला ओटीवर गाठलं.

"आत्या, मी पडल्या पडल्या मोजलंय, आल्यापासून तू परसात आठ मिनिटं होतीस आणि स्वयंपाकघरात पंचवीस. याचा अर्थ आईचं पारडं जड आहे."

"गोपू, मी वाल सोलत होते."

"संशयित नेहमी असंच काहीतरी करत असतो. बघ, मला मेजरसाहेबांचं पत्र आलंय. टाइप केलेलं. त्यात 'र' हे अक्षर दर वेळी जरा वर उडालेलं असतं, म्हणजे यंत्र जुनं, लष्करी. त्यांनी मला मित्र म्हटलंय. आत्या, धाटावच्या प्लँटमध्ये आठशे माणसं आहेत, एकालाही कुणी मेजरने मित्र म्हटलेलं नाही. जगन. फक्त तीन अक्षरं. तुला काय जड आहे?"

ते यंत्र विमलच्या शाळेच्या ऑफिसातलं होतं. मुलींचे दाखले त्याच्यावर निघत.

दुपारच्या जेवणापर्यंत घरात तीन तह झाले आणि तिन्ही मोडले. आधी वहिनी आणि गोपू एकत्र आले : पाळण्यात निरंजन आणि शाळेत जगन. ते कळताच दादाने गोपूला बाजूला घेतलं आणि हैबतराव ऊर्फ जगन असा मसुदा ठेवला. गोपू डळमळला. तेव्हा वहिनीने सरळ दादाशीच समेट करायचं ठरवलं, निरंजन हैबतराव टिपणीस, पण यात मधलं नाव बापाचं असतं आणि बाप गोपाळकृष्ण असतो, ही अडचण हौसाने भांडी घासता घासता दाखवून दिली. पंगतीत तिघंही एकमेकांशी न बोलता विमलच्या पानात वाढत राहिले. तिला पाच पुरणपोळ्या खाव्या लागल्या.

जेवणानंतर ती माजघरात बाळाजवळ जाऊन बसली. मंदा, गोपूची बायको, त्याला थोपटत होती. मंदा वरशाची, म्हणजे रोह्याच्या वेशीवरच्या घरातली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांचं, सासूचं आणि नवऱ्याचं वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक ती शेवटी वाचे. मत तिला कुणी विचारत नसे.

"आत्याबाई, एक विचारू का?"

"विचार ना."

"मेजर काळसेकरांचा जगन परळला राहतो, मुंबईत. एकटा. खानावळीत जेवतो. मग कोडं सुटेनासं झालं की तो वाल का सोलत बसतो?"

विमलचा हात बाळाच्या दुपट्यावर थांबला.

"रणखांब्यांचा हैबतराव गडावर वेढ्यात अडकतो तेव्हा मुदपाकात जाऊन वाल सोलतो," मंदा हळू आवाजात सांगत होती. "तोफा चालू आहेत आणि हा वाल सोलतोय. शैलबालाबाईंच्या निरंजनची बायको सुमन तर प्रत्येक भांडणानंतर सोलते. तिघंही 'कोमट पाण्यातून काढून अंगठ्याने दाबून' असंच लिहितात. मी तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघितली. आणि आज सकाळी सासूबाई तुमच्याशी बोलत होत्या, तर तुम्हाला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि तुम्ही..."

बाहेर हौसा पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत काहीतरी गुणगुणत होती.

"कुणाला सांगितलंस?" विमलने विचारलं.

"कुणाला सांगणार? कुणी विचारत नाही."

विमलला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. अठरा वर्षांत शेकडो लोकांनी तिला पत्रं लिहिली, एकाने चांदीची तलवार पाठवली, पण तिला वाचणारं माणूस तिला आज माजघरात भेटलं होतं.

"मंदा, तुला काय नाव हवंय याचं?"

मंदा गोंधळली. "मला? थांबा हं. एकेचाळीस दिवसांत कुणी विचारलंच नाही, मी विचारच केला नाही. संध्याकाळपर्यंत सांगितलं तर चालेल?"

चार वाजता आळीतल्या बायका जमल्या. पाळणा ओटीवर टांगला होता. बायकांना घुगऱ्या वाटून झाल्या आणि बाळाला आणायची वेळ झाली, तेव्हा दादाने आतून एक पाटी आणली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून त्याने ती महिनाभर आधी करून घेतली होती. सोनेरी अक्षरांत 'चि. हैबतराव'. तिला दोन्ही बाजूंना हत्ती होते.

वहिनीने शांतपणे बाळाची कुंची उलटी करून दाखवली. आत लाल दोऱ्याने 'निरंजन' भरलेलं होतं.

"हा कट आहे," गोपू म्हणाला आणि त्याने पेढ्यांच्या पुडक्यांवरचं वर्तमानपत्र ओढलं. आत चाळीस पुडक्यांवर शाईने 'जगन' लिहिलेलं होतं.

बायका आनंदाने सावरून बसल्या. बारसं रोज बघायला मिळतं, असं रोज मिळत नाही.

"मला खुद्द रणखांब्यांचं पत्र आहे!" दादा गरजला.

"मला शैलबालाबाईंचं आहे!" वहिनीने पदराची गाठ सोडली.

"माझ्याकडे टाइप केलेलं आहे," गोपू म्हणाला.

"मग वाचा की," शेजारच्या काकू म्हणाल्या. "आम्हालाही ऐकू दे." या काकू सत्तरीच्या होत्या आणि त्यांना नीट ऐकू येत नसे, पण भांडण त्यांना ओठांवरून कळे.

एकमेकांचं पत्र वाचू द्यायला कुणी तयार होईना. शेवटी तिन्ही पत्रं मंदाच्या हातात आली, कारण तिचा कोणताच पक्ष नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. मंदाने विमलकडे एकदा बघितलं. विमलने मान हलवली. मंदाने तिन्ही पत्रांतल्या शेवटच्या ओळी एकामागून एक वाचल्या.

"नाव ठेवण्याचा मान आत्येचा. तिच्यावर सोडा."

"नाव ठेवण्याचा मान आत्येचा. तिच्यावर सोडा."

"नाव ठेवण्याचा मान आत्येचा. तिच्यावर सोडा."

तिघंही एकमेकांकडे बघत होते, कारण तिघांनीही ती ओळ लपवली होती. मग दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरलं.

"वृंदा," तो म्हणाला, "तुला कळतंय का काय झालंय? ते तिघं भेटले. आपल्या बाळाच्या नावासाठी महाराष्ट्रातले तीन साहित्यिक एकत्र बसले आणि त्यांनी ठराव केला!"

"अगं बाई!" आळीतल्या दोघीतिघींनी टाळ्याच वाजवल्या.

"शैलबालाबाई? दोन परक्या पुरुषांबरोबर?" वहिनीला ते पटेना. "त्यांचे मिस्टर असतील बरोबर."

गोपूने पाकिटं उजेडात धरली. "थांबा. तिन्ही शिक्के पेणचे आहेत. नेहमी गिरगावचा असतो. म्हणजे बैठक पेणला झाली." तो विमलकडे वळला. "आत्या, तुझ्या गावात तीन मोठे लेखक येऊन बसतात आणि तुला पत्ता नाही?"

एरवी विमलची उत्तरं प्रकाशकाकडून फिरून येत. यंदा बारसं तोंडावर आलं म्हणून तिने ती रामवाडीच्या टपालपेटीतच टाकली होती. खुनी शेवटच्या प्रकरणात जशी चूक करतात तशीच. आता तीस जणी तिच्याकडे बघत होत्या. आणखी एक खोटं तिला सहज सुचलं असतं, तिचा धंदाच तो. पण मंदाच्या हातात ती तीन पत्रं होती, आणि विमलला एकाएकी तिघांना सांभाळून थकल्यासारखं झालं.

"बैठकबिठक काही झालेली नाही," ती म्हणाली. "ती तिघं मीच आहे."

आधी शेजारच्या काकू हसल्या. मग सगळी ओटी हसली.

"वन्सं, दुपारचं ऊन लागलंय तुम्हाला," वहिनी म्हणाली. "मंदा, पाणी आण."

"विमल," दादा समजुतीने म्हणाला, "रणखांबे घोड्यावरून गड उतरतात. तू एस.टी.च्या मागल्या सीटवर बसलीस तर तुला उलटी होते."

"कसलीही कबुली पुराव्याशिवाय ग्राह्य नाही," गोपू म्हणाला. "वेडे लोक नेहमी पुढे येऊन गुन्हा कबूल करतात. मेजरसाहेबांनीच लिहिलंय."

"मीच लिहिलंय ते," विमल म्हणाली. "गेल्या वर्षी तू मला नऊ चुका दाखवल्यास. डाव्या खिशातलं पिस्तूल उजव्या खिशातून निघतं, ही पाचवी. नऊही दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केल्यात. तू पत्राखाली सही करताना गोपाळकृष्णाच्या णला शेपूट काढतोस."

गोपूने हातातली पाकिटं खाली ठेवली.

वहिनीने हसणं आवरलं होतं. तिने फार बेताने विचारलं, "आणि शैलबालाबाईंच्या कादंबरीतली सुमनची नणंद? ती मख्ख?"

"ती मीच. तुमच्या पत्रांवरून काढली. बावीस पत्रं आहेत वहिनी. सतरावं जरा लागलं मला."

सतराव्यात काय होतं ते वहिनीच्या चेहऱ्यावर ओळीने उमटत गेलं असावं, कारण तिने तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून म्हणाली, "मग खुर्चीचं सांगणाऱ्या..."

"तीही मी."

"अगं बाई! आणि वर गादी मागत होतीस?" गेल्या तीस वर्षांत वहिनीने तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं.

दादा अजून हसत होता. विमलने गोपूच्या खिशातलं पेन काढलं, 'चि. हैबतराव'ची पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या लाकडावर डाव्या हाताने लिहिलं : 'रा. रा. दामोदरपंत यांस सप्रेम नमस्कार.' अक्षरं घोड्यावर बसून दौडत गेली.

दादाने वाचलं. त्याचं हसू विझलं. बायकांना वाटलं, लेखक गेला म्हणून दुःख झालं. विमलला मात्र माहीत होतं की तो मनात हिशेब लावतोय, आपण रणखांब्यांना काय काय लिहिलं याचा. आणि लावता लावता तो पंचाहत्तर सालच्या पावसाळ्यातल्या त्या सहा पानांशी येऊन थांबला, हेही तिला दिसलं. तो उठला आणि परसात गेला.

"म्हंजे सगल्या बाईच हायती?" हौसाने विचारलं. पत्रांचं तिला काही कळलं नव्हतं, पण निकाल कळला होता. "मंग ठेवा गो नाव. पोर भुकेजलाय, आनि तुमचा चाललाय पुरान."

बाळाला पाळण्यात घातलं. विमल त्याच्या कानाशी वाकली आणि तिने मंदाला जवळ बोलावलं. "बोल. झाला का विचार?"

"मोरेश्वर," मंदा म्हणाली. "हाक मारायला मोरू. मला सोपं पडेल."

"हे कुणाच्या कादंबरीत आहे?" गोपूने संशयाने विचारलं.

"कुणाच्याच नाही," मंदा म्हणाली. "म्हणून तर."

विमलने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तसे रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा बराच जोरात होता. विमलने मागे न बघता ओळखलं की तो वहिनीचा, आणि मुकाट्याने घेतला.

त्यानंतर ती घुगऱ्यांची वाटी घेऊन आपल्या खुर्चीत बसली तर शांतता म्हणून मिळेना. वहिनी हळूच येऊन म्हणाली, शैलबालाबाईंना सांगा, सुमनला एवढ्यात माहेरी पाठवू नका, निरंजन तसा माणूस नाही. गोपू म्हणाला, मेजरसाहेबांशी माझी जी मैत्री आहे तिच्यात तू पडू नकोस. विमलने दोघांनाही निरोप पोचवते म्हणून सांगितलं. मी म्हणजे तेच, हे पुन्हा समजावण्यात अर्थ नव्हता. त्यांना ते कळलं होतं, पण ते त्यांना नको होतं.

सव्वासहाची पेणची एस.टी. गाठायला ती निघाली तेव्हा दादा पिशवी उचलून तिच्याबरोबर चालायला लागला. स्टँडपर्यंत एकदाच म्हणाला, रस्त्याचं काम रखडलंय. गाडी लागलेली होती. त्याने तिच्यासाठी पुढली, खिडकीची जागा रुमाल टाकून धरली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

"ते पावसाळ्यातलं पत्र," तो कंडक्टरच्या पाठीकडे बघत म्हणाला. "ते तू वाचलंस."

"वाचलं."

त्या सहा पानांत त्याने रणखांब्यांना कळवलं होतं की, आपल्या कादंबरीतला सरदार भावाचं पत्र दडवतो तो प्रसंग वाचून मला झोप आली नाही. एकोणसाठ साली अलिबागच्या एका शिक्षकाचं माझ्या बहिणीसाठी होकाराचं पत्र आलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, माझी बदली रोह्याला झालेली. मी ते पत्र खिशात ठेवलं आणि बहिणीला सांगितलं, त्यांचा नकार आला. त्या नकारावर विमल सात वर्षं आईच्या उशाशी बसली होती, आपल्यात काय कमी होतं याचा विचार करत. तिथेच बसून ती लिहायला लागली होती.

"रणखांब्यांनी मला उलट लिहिलं होतं," दादा म्हणाला, "की कबुली द्यायची तर माझ्याकडे देऊ नका, तिच्याकडे द्या."

"हो. आणि तू लिहिलंस, योग्य वेळी देईन. चार वर्षं झाली, दादा."

दादाने खिशावर हात नेला, मग तो तिथून काढून खिडकीच्या गजावर ठेवला.

"तो नकार नव्हता, विमल. त्यांना तू पसंत होतीस. फार पसंत होतीस. मी लपवलं." त्याने न आणताच त्याचा आवाज आपोआप खाली आला होता, स्टँडवरच्या कुणालाच ऐकू गेला नसता. "चुकलो मी. तुझा गुन्हेगार आहे."

हा प्रसंग विमलने तीन वेगवेगळ्या नावांनी पाच वेळा लिहिला होता. दर वेळी कुणीतरी पाय धरले होते, कुणीतरी ऊर फुटून रडलं होतं. इथे दादा पायात जुन्या वहाणा घालून उभा होता आणि मागून भेळवाला ओरडत होता. तिने त्याच्या गजावरच्या हातावर हात ठेवला.

"राग आला होता मला," ती म्हणाली. "पत्र वाचलं तेव्हा चार दिवस शाळेत गेले नाही. अजूनही येतो कधी कधी. पण बोललास ते बरं झालं."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तसा दादा बरोबर चालायला लागला.

"रणखांब्यांना कळव," तो म्हणाला, "त्यांचं ऐकलं म्हणून."

"कळवते."

"आणि विमल!" आता तो धावत होता, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून. आवाज पुन्हा मामलेदार कचेरीतला झाला होता. "पुढच्या भागात हैबतरावाला मारलंस तर याद राख! मी पुन्हा तोंड बघणार नाही तुझं!"

विमल खिडकीतून हात हलवत राहिली आणि तो धुळीत दिसेनासा झाल्यावर सावरून बसली. पुढच्या भागाचं बाड गेल्या सोमवारीच गिरगावात पोचलं होतं, आणि त्याच्या शेवटच्या पानावर हैबतराव छातीत भाला घेऊन, एकही शब्द न उच्चारता, अगदी देखणा मेला होता. उद्या सकाळी पहिलं काम तार. छपाई थांबवा. तिने पिशवीतून पेन काढलं, तिकिटाच्या मागे लिहायचा प्रयत्न केला, पण गाडी फार हादरत होती. मग तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या शेवटच्या पानाशी जाऊन बसली. नागोठणं येईपर्यंत तिने तो भाला छातीतून काढून हैबतरावाच्या खांद्यात आणून ठेवला होता.